संध्याकाळच्या सभेची क्लिप

मी, खाली सही करणारी, वय २६ वर्षे, शिक्षण इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमा, व्यवसाय व्हिडिओ एडिटर, राहणार बसस्थानकामागे, आईसोबत. पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर राहून समक्ष सांगते की,

मी स्थानिक वृत्तवाहिनीत काम करते. आमचे कॅमेरामन, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांना काल आपण ताब्यात घेतले. संगणकावर खोटा व्हिडिओ बनवून एका उमेदवाराची बदनामी केली, अशी त्यांच्याविरुद्ध तक्रार आहे. मामा माझ्या नात्यातले नाहीत. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी आणल्या आहेत, त्या त्यांना द्याव्यात.

सोमवारी सकाळी सदर उमेदवार बाजारपेठेतल्या सभेत म्हणाले, "नवा रस्ता इथून जाणार नाही. एकाही दुकानाला हात लावू देणार नाही." त्याच संध्याकाळी नव्या वसाहतीत म्हणाले, "रस्ता बाजारातूनच जाणार. लिहून घ्या." दोन्ही सभा मामांनी चित्रित केल्या. आमच्या वाहिनीने सकाळचे भाषण वारंवार दाखवले, संध्याकाळचे एकदाही नाही. विरोधात उभ्या असलेल्या बाईंच्या सभेला तर कॅमेराच पाठवला नव्हता.

मी मालकांना विचारले. ते म्हणाले, "अगं, निवडणूक होऊ दे, मग दाखवू की सगळं."

त्यानंतर मामांच्या सांगण्यावरून दोन्ही भाषणे मी जोडली. दोन भाषणे वेगळी कळावीत म्हणून मध्ये काळी पट्टी ठेवली. भाषणाच्या आत कुठेही कापलेले नाही. मामांनी ती क्लिप स्वतःच्या फोनवरून गावातल्या ग्रुपवर पाठवली.

मूळ मेमरी कार्ड जमा करत आहे. संध्याकाळी भाषण संपल्यावर मामा कॅमेरा बंद करायला विसरले. त्यात उमेदवार पायऱ्या उतरून कॅमेऱ्यापाशी येतात आणि म्हणतात, "मामा, पूर्ण दाखवायचं हं. काटछाट नको." तिथपर्यंत चित्रण सलग आहे.

मालकांनी आज मला सांगितले, "तू फक्त म्हण, मला काही माहीत नाही. तुझी नोकरी शाबूत राहील." मला माहीत आहे, म्हणून मी आले.

जबाब चालू असताना संध्याकाळच्या सभेचा लाउडस्पीकरवाला ठाण्यात आला. मला म्हणाला, "ताई, तुमच्या कॅमेऱ्यात आवाज माझ्याच मिक्सरमधून गेला होता. माझ्याकडेही रेकॉर्डिंग आहे." हवालदार त्याला म्हणाले, "पुढच्या सभा जातील हं तुझ्या." तो म्हणाला, "जाऊ देत. त्या बाईंनाही स्पीकर लागतोच की." हवालदार हसले. त्यांनी मामांना आतून बोलावून खुर्ची दिली आणि त्याला माझ्यानंतर थांबायला सांगितले.

माझा जबाब मला वाचून दाखवला. "क्लिप बहुधा खरी आहे" असे लिहिले होते. "बहुधा" मी म्हटलेले नाही. तो शब्द माझ्यासमोर खोडला. आता जबाब मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.