खांद्यावर हात

आम्ही मूळचे शिंदखेड्याकडचे, ताई. आमच्याकडची मिरची अशी जहाल की कावळ्यानं चोच लावली तर तो सरळ तापीत जाऊन पडतो, आणि तीच तापी पुढं सुरतेला येते, तर आम्ही दोघं भाऊ तिच्या मागं मागं चालत आलो असं समजा. आलो पॅसेंजरनं, पण चालत म्हटलं की ऐकणाऱ्याला बरं वाटतं. मी सुपडू, आणि मोठा भिकनभाऊ. राहायला नवागाम, कामाला उधन्याला, संचाखात्यात, म्हणजे लूमवर. भाऊचे संचे माझ्या संच्यांसमोर, मधे एक बोळ. इतक्या वर्षांत मी देवाचं तोंड कमी पाहिलं आणि भाऊचं जास्त.

आता खातं म्हणजे काय सांगू तुम्हाला, आत आवाज असा की डोक्यावरून विमान गेलं तरी वाटावं मुंगी शिंकली. तिथं हाक मारून उपयोग नाही. पाठमोऱ्या माणसाला काही सांगायचं तर मागून जायचं, खांदा धरायचा आणि कानाशी तोंड नेऊन ओरडायचं. ही आमची रीत. बायकोलाही मी तसाच बोलावतो, ती खवळते, पण हात जातोच.

भाऊचं तेच झालं. मिरवणुकीचा बंदोबस्त होता, चार रस्त्याच्या चौकात गर्दी, आणि एक जवान पोलीस मोटारसायकल चालू करून निघायच्या बेतात, त्याचं साइड स्टँड खालीच. भाऊच्या मनात आलं, पोरगा वळणावर पडेल. गेला, मागून खांदा धरला, कानाशी ओरडला. सकाळपासून उन्हात उभ्या त्या पोराला वाटलं, हल्ला झाला. काठी बसली ती मनगटावर, भाऊ पुन्हा सांगायला तोंड उघडतोय तर दुसरी. हाड जुळलं, पण बोटं पुरती मिटेनात, आणि तुटलेल्या ताराला, म्हणजे सुताच्या धाग्याला, गाठ मारता येत नसेल तर लूमवर उभं राहून करायचं काय. भाऊ गावी गेला. शेळ्या पाळल्यात. म्हणतो, सुरतेचं नाव काढू नको. त्याच्या संच्यांवर आता ओडिशाचा माणूस आहे, गुणी आहे, माझ्या गप्पांना खदखदून हसतो. भाऊ हसायचा नाही, नुसता मान हलवायचा. ती मान हललेली बघायला मी दिवसभर थापा मारायचो, ताई.

तर माझी बायको एका वकीलबाईंकडं पोळ्या करते. त्या बाई पोलिसांना कायदा शिकवतात, बळ कधी वापरायचं, किती वापरायचं, भडकलेल्या माणसाला बोलून थंड कसं करायचं. वर्गात खोटंखोटं भडकायला त्यांना माणूस पाहिजे होता. बायको म्हणाली, आमच्या घरात एक आहे, तो फुकट भडकतो.

गेलो. मी उधन्यात ओरडलो तर हजिऱ्याची जहाजं भोंगा देतात, असा माझा आवाज. बाईंनी आधी पोलीस पोरांना समजावलं, की अटक करतानासुद्धा माणूस पळू नये एवढंच धरायचं, जास्त आवळायचं नाही, आणि तो थांबला की तुमचाही हात थांबला पाहिजे. मग मला खूण केली. मी मागून जाऊन एका पोराचा खांदा धरला, कानाशी ओरडलो, त्यानं फिरून फोमची काठी हाणली. बाई म्हणाल्या, थांब, याच्या हातात काय होतं. पोरगा म्हणाला, काही नाही. बाई म्हणाल्या, मग काठी कशाला उत्तर देत होती?

पुढं एक जुने जमादार आले. त्यांचा खांदा धरला तसे ते वळले, दोन पावलं मागं सरले, दोन्ही पंजे उघडे दाखवले आणि हळू म्हणाले, काका, शुं थयुं, काय झालं, आराम से बोलो. मला तिथं शिव्या द्यायच्या होत्या, तसं ठरलं होतं, आणि शिव्यांचा माझ्याकडं कधी दुष्काळ नाही. पण तोंडातून निघालं, साहेब, तुमचं स्टँड खाली आहे. सगळा हॉल हसला. जमादार हसले नाहीत. त्यांनी खाली बघितलं, नसलेलं स्टँड पायानं वर केलं आणि म्हणाले, सारुं थयुं कह्युं, काका, म्हणजे बरं झालं सांगितलंत.

बाहेर येऊन भाऊला फोन लावला. आमचा फोन म्हणजे गल्लीभर लाऊडस्पीकर. सगळं सांगितलं, एक अक्षर वाढवलं नाही. भाऊ म्हणाला, तुन्या गप्पा मी धाकलपनपासून आयकस, पोलीस कधी असा मागं सरकतो का, ठेव फोन. आता काय म्हणावं. जन्मभर थापा पचल्या, आणि खरं होतं तेच अडकलं.

बाई म्हणतात, भाऊला वर्गात घेऊन या, ते स्वतः सांगतील तर पोरांच्या मनात राहील. तो येईल असं मला वाटत नाही. खोटं कशाला बोलू, बोळापलीकडं त्याला पुन्हा उभा बघायचा लोभ सुटत नाही, पण ती बोटं काही मिटायची नाहीत. त्या वर्गातल्या पोरांचं मात्र भलं होवो, त्यांचे हात वेळेवर थांबोत.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी गावी जाणार आहे. शेळ्या बांधून झाल्या की भाऊला म्हणणार, माझा खांदा धर. त्यानं धरला की मी वळेन, दोन पावलं मागं सरेन आणि विचारेन, काय व्हयनं, भाऊ? काठी बसली त्या दिवसापासून हे त्याला कुणी विचारलेलंच नाही, ताई, मीसुद्धा नाही, मी आपला बोलतच राहिलो. आता तो बोलेपर्यंत मी गप्प उभा राहणार.