लेकीचं गाऱ्हाणं आणि कानातलं यंत्र

सासूबाईंसाठी कानातलं यंत्र घ्यायला शिंपीणकाकू दुकानात आल्या, तर पुढे एक आजी-आजोबा काउंटरवरच्या मुलीशी बोलत उभे. आजोबांचं यंत्र सकाळपासून मुकं झालं होतं.

"आजी, यंत्र बिघडलेलं नाही. कंपनीने नव्या अटी पाठवल्यात. मोबाइलवर 'मान्य' दाबलं की लगेच सुरू होईल."

"अटी काय आहेत त्या तरी सांग."

"कानात जे येईल ते कंपनी साठवून ठेवणार. सेवा सुधारायला."

शिंपीणकाकूंनी खुर्ची हळूच पुढे ओढली.

"अगं बाई," आजी म्हणाल्या, "आमची लेक सासरचं गाऱ्हाणं यांच्याच कानाशी लागून सांगते. मला, जन्मदात्या आईला, सांगत नाही. ते तुमच्या कंपनीला देऊ?"

"सगळेच दाबतात, आजी."

"सगळ्यांच्या लेकी सुखात असतील."

"मग 'अमान्य' दाबा. पण यंत्र बंदच राहील."

"म्हणजे विकत घेतलं आम्ही आणि कुलूप तुमचं. उद्या चष्मेवालासुद्धा म्हणेल, काय काय बघता ते कळवा, नाहीतर डोळे मिटून बसा."

"काय म्हणते गं ती?" आजोबांनी विचारलं.

आजी त्यांच्या कानाशी अशा ओरडल्या, की कपाटातली नवी यंत्रंसुद्धा दचकली असतील.

"पोर तुमच्याशी जे बोलेल, ते कंपनी ऐकणार म्हणते."

आजोबांनी कानातलं यंत्र काढून काउंटरवर ठेवलं.

"पोरीला म्हणावं, कागदावर लिहून आण. मी वाचेन आणि तुझ्यासमोरच फाडेन."