टिकलीएवढी कोरडी जागा

आमी मूळचे कुंडलचे. ऊस, हळद, आणि घरटी एक माणूस फौजेत, त्यात आमच्या घरातनं मी. काय सांगू तुमास्नी, बाकीची पोरं लढाईला गेली नि मी बटाटं सोलायला. ते बी जाड सोलतोय म्हणून साहेबानं मोटारींच्या वर्कशॉपात ढकललं, तिथं मात्र हात बसला. लढाई मिटल्यावर घरी आलो नि आबांच्या, म्हंजी वडलांच्या, मागं लागून फौजेनं लिलावात काढलेली जुनी व्हॅन घ्यायला लावली, जखमी न्यायची. आबांनी तिच्यापायी खिलारी जोडी इकली. बैल गेलं तवा आबा रिकाम्या गोठ्यात तोंड फिरवून उभं होतं, ते मी बघितलं. तवापासनं त्या गाडीचं सगळं वजन माझ्याच खांद्यावर.

खंडेनवमीला आमच्यात नांगर, कोयतं सगळं धुऊन पुजायचं, तर आई म्हणाली, माझा लेक असल्याच गाड्यांच्या लोखंडानं लढाईतनं परत आणला, गाडीला बी शेंदूर पायजे. मी त्या दिवशी भाडं ठरवायला पाचगणीला गेलेलो. आमच्या दादानं, थोरल्या भावानं, बॉनेट उघडून जे खोलता येईल ते खोलून, पुसून आईच्या पुढ्यात मांडलं, तिनं जवसाच्या तेलात शेंदूर कालवून लावला नि दादानं परत बसवलं.

दसऱ्यापासनं गाडी रुसली. दिवं लावलं की त्यांचं काजवं व्हायचं, सकाळी सेल्फ मारला की नुसती कण्हायची, हँडल मारून मारून दादाचा खांदा सुजला. पाचगणीच्या शाळेची पोरं सुट्टीला मिरज स्टेशनावर आणायची होती, वाटंत अंधार पडणारच, दिव्याबिगर दुसऱ्याची लेकरं कशी आणायची? आबा म्हणालं, उद्यापतूर न्हाई जमलं तर ही भंगारात, मी बैल बघाय निघालो. आणि वर, फौजेत खरंच गाड्या दुरुस्त करत हुतास का रं, का बटाटंच?

दादा म्हणाला, बॅटरी मेली, नवी आण. मी म्हटलं, दादा, रांजण रिकामा हाय म्हंजी फुटकाच हाय असं न्हवं, आधी पाणी भरतंय का ते बघू. वीज करणाऱ्या डायनामोचा पट्टा दाबला, ताठ. बॅटरीत वाकून बघताना तेजाब उडून सदऱ्याला भोकं पडली, त्यावर आमची मंडळी अजून हसती. मग इंजिन चालू करून डायनामोपासनं गाडीच्या लोखंडाला बल्ब जोडला, तर लख्ख! म्हंजी वीज होतीय, बॅटरीपतूर पोचत न्हाई. मधी कटाऔटची डबी असती, दारावरच्या राखणदारासारखी, डायनामो फिरला की वीज बॅटरीकडं सोडायची, थांबला की दार लावायचं. पण डबीचं बूड गाडीच्या लोखंडाला टेकलं तरच राखणदार जागा. मी डबीपासनं लोखंडाला नुसता तारेचा तुकडा लावला, आणि काचेतला चार्जिंगचा काटा असा उजवीकडं गेला, आबा वरडलं, हालला रं, हालला!

डबी खोलली. बुडाला शेंदूर, वाळून दगड झालेला, स्क्रूंना बी, त्यातनं वीज जातीय कुठली.

आगं आई, बुडाला कशाला?

देवाची पाठ कोरडी ठेवतंय व्हय रं कोण?

मी खरवडाय लागलो तशी तिचं डोळं भरलं. म्हणाली, नको रं, कोप हुईल. म्हटलं, आई, सगळी गाडी तुझी, मला फकस्त टिकलीएवढी जागा दे. मग पदरानं तिनंच ती जागा पुसली.

पोरं मिरजेला पोचली, दिवं शेवटपतूर लख्ख. आबा पुढं बसलं होतं, रस्ता सोडून काटाच बघत. परत येताना म्हणालं, बैलापरीस गुणी हाय की. त्यांच्या तोंडचं तेवढंच कौतुक, मला पदकावाणी.

आता माझं केस पिकलं, आई न्हाई, गाडी अजून चालती. खंडेनवमीला आमची मंडळी शेंदूर लावती, डबीपाशी आली की हात थांबवून मला इचारती, हितं आईंची जागा न्हवं? मी म्हणतो, व्हय, ती तेवढी सोड. तुमच्या बी घरातली चाकं फिरती राहू देत.