कोरडी मोटर

पुंडलिकराव : काढ ते डबडं माह्या मोटरीवरून. मोटर घरघरून राह्यली अन् तुहं यंत्र म्हनते, शून्य.

निकिता : बाबा, हे कडं कोणी सरकवलं? सकाळी मी एकाच वायरीवर लावलं होतं.

पुंडलिकराव : मीच. एक वायर आत अन् दोन बाहेर, असं अर्धवट काम असते का? तिन्ही घातल्या. म्हटलं जास्त दाखवन.

निकिता : तिन्ही एकत्र घातल्या का एकीचा करंट दुसरीले काटते. मंग शून्यच येणार. तुमाले हात लावाले सांगितलं कोणी?

पुंडलिकराव : मोटर माही, वावर माहं, पोरगी माही. यवतमाळले खोली करून पॉलिटेक्निक शिकवली, अन् शिकली काय, तर मोटरीले बांगडी घालाले.

निकिता : बांगडी नाही, करंट ट्रान्सफॉर्मर आहे. वायरीतून करंट गेला का याच्यात बारका करंट तयार होते. ही चिप तो मोजते अन् फारच कमी भरला तर थोडं थांबून मोटर बंद करते. म्हणजे मोटर जळत नाही.

पुंडलिकराव : माहे कान मोजते. तुही चिप ठेव तुह्यापाशी.

निकिता : कानाले आवाज कळते, काम नाही कळत. हे घ्या, आता एकच वायर ठेवली. तीन अँपिअर.

पुंडलिकराव : चालू हाये म्हनून सांगते ना? हे तं आपली म्हैसही सांगन.

निकिता : थांबा. पाच हॉर्सची मोटर पाणी ओढाले लागली का सात अँपिअर तरी घेते. दिवाळीच्या आधी हे लावून पाह्यलं, तवा सात दाखवत होतं. तीन म्हणजे नुसतीच फिरून राह्यली. बाबा, पाइपाले पाणी आहे का?

पुंडलिकराव : हळू बोल.

निकिता : विहीर आटली?

पुंडलिकराव : दिवाळी झाली अन् तळ दिसला.

निकिता : मंग मोटर कायले लावली?

पुंडलिकराव : पाहुणे येऊन राह्यले म्हनून. अळीनं कपाशी खाल्ली, हे साऱ्या केळापुराले माहीत हाये. ओलिताचं वावर हाये असं सांगितलं, तवा कुठं सदाशिवराव पोराचं लग्न जमवाले तयार झाले.

निकिता : अन् त्याइनं विहिरीत पाह्यलं तर?

पुंडलिकराव : ते? जलमभर ऑफिसात खुर्च्या गरम केल्या त्याइनं. काठावर वाकाची हिंमत नाही. मोटर वाजली का पानी हाये, एवढीच त्याइची शेती.

निकिता : अन् तुमची केवढी? कोरडी मोटर अजून घटकाभर चालली तर जळन. मंग विहिरीले पाणी आल्यावर बादलीनं वावर भिजवजा.

पुंडलिकराव : जळू दे. ते परत जाईपर्यंत वाजली पायजे. तुही चिप मधातच बंद करन, ते काढ.

निकिता : नाही काढत.

पुंडलिकराव : काहून? पोरगा पसंत नाही का तुले?

निकिता : अवधूत पसंत आहे. म्हणूनच नाही काढत.

पुंडलिकराव : येडी हायेस. एकदा लग्न झालं का कोन इचारते?

निकिता : मले इचारतीन. तुमी इथं बांधावर बसान, अन् मी त्याइच्या घरात असन. तुमच्या लबाडीचं बोलणं मी रोज ताटावर बसून ऐकू का?

(मोटर आपोआप बंद पडते.)

पुंडलिकराव : केलं तुह्या डबड्यानं वाटोळं. चालू कर.

निकिता : नाही करत. ते पाहा, बाभळीपाशी गाडी थांबली. तुमी सांगता का मी सांगू?

पुंडलिकराव : परत गेले तर?

निकिता : तर गेले. मी रडन दोन दिवस.

पुंडलिकराव : घरी जाय तू. पाहुण्याईसाठी प्याचं पानी घेऊन ये. इथं नाही, ते मी सांगतो.