घोडबंदर रोडवरची आरामखुर्ची

आमच्या आईसाठी खुर्ची घ्यायला गेलेलो, तेव्हाची गंमत सांगतो. कंबरेच्या दुखण्यामुळे तिला आडवं पडलं की झोपच लागायची नाही. रात्र रात्र बसून काढायची आणि वर आम्हालाच सांगायची, ‘मला काही झालेलं नाही.’ शेवटी मी आणि ताई तिला डोंबिवलीहून घोडबंदर रोडच्या एका फर्निचरच्या दुकानात घेऊन गेलो.

तिथे एक जुन्या परदेशी डिझाइनची खुर्ची होती. वाकवलेलं प्लायवूड, काळं लेदर, पाय ठेवायला वेगळं स्टूल.

‘ही अशी मागे कललेली का?’ आईने विचारलं.

‘आजी, डिझाइनच तसं आहे. कंबरेवर भार येत नाही,’ सेल्समन म्हणाला.

‘माणसाने ताठ बसावं. तुम्ही म्हणताय म्हणून बसते, पण घेणार नाही हं.’

ती बसली. सेल्समनने पायांखाली स्टूल सरकवलं आणि लाकडाबद्दल सांगायला लागला. त्याचं सांगून व्हायच्या आत आई घोरायला लागली.

मी उठवायला गेलो, तर ताईने माझा हात धरला. ‘अरे, झोपू दे तिला. किती दिवसांनी झोपलीये!’ तिचे डोळे भरून आलेले. सेल्समनने दुकानातली गाणी बंद केली. मग ताईने कुजबुजतच खुर्ची बुक करून टाकली.

बऱ्याच वेळाने आई जागी झाली. तिने पदर सारखा केला.

‘आजी, कशी वाटली खुर्ची?’ सेल्समनने विचारलं.

‘मला काय माहीत?’ आई म्हणाली. ‘माझा डोळा लागलेला.’