त्या दिवशी मी पुण्यात होतो

तुम्ही हसाल, पण इथे लीड्सला आमच्या घराजवळच्या शाळेसमोर तो पिवळा स्पीड कॅमेरा बसवला तेव्हापासूनच मला त्याचा संशय होता. माझी बायको मंजिरी म्हणायची, "मुलांसाठी आहे रे." मी म्हणायचो, "छे, कौन्सिलच्या गल्ल्यासाठी आहे." माझा मित्र नितीन तर छातीठोकपणे सांगायचा, "डबा रिकामा आहे, आत कॅमेराच नाही. ताशी वीस मैलांची लिमिट असून मी रोज तीसने जातो. एक पत्र आलेलं नाही."

मग महिनाभर पुण्याला जाऊन लीड्सला परतलो, तर दारात पत्र. माझ्या गाडीने शाळेसमोर लिमिट तोडली म्हणे! तारीख बघितली आणि उडालोच. त्या दिवशी मी पुण्यात मावसभावाच्या लग्नात जिलबी वाढत होतो.

मंजिरीला घेऊन तडक नितीनकडे गेलो. "घे पुरावा! कॅमेरा चक्क खोटं बोलतोय. मी सोडणार नाही यांना."

नितीनने पत्र वाचलं आणि परत माझ्यापुढे धरलं.

"काय झालं रे?"

"गाडीचा नंबर बघ ना."

नंबर माझ्या जुन्या गाडीचा होता. ती मी उन्हाळ्यातच नितीनला विकली होती. घरचाच व्यवहार, चहा पिता पिता किल्ली दिली.

"मालक बदलल्याचं तू वाहन खात्याला ऑनलाइन कळवलं नाहीस?" नितीनने विचारलं.

"मला वाटलं, तू कळवशील."

मंजिरीने पत्र हातात घेतलं. "वेळ सकाळी आठ पन्नासची आहे. नितीन, तुझी ईशा तेव्हाच शाळेत जाताना तिथे रस्ता ओलांडते ना?"