सुटली एकदाची

बस उन्हानं तापली होती. मागच्या बाकावरून गावातल्या एका सूनबाईंचा ओळखीचा आवाज आला, तसं जनावरांच्या डॉक्टरांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. काल संध्याकाळी याच सूनबाईंच्या अडलेल्या गाईला इंजेक्शन देऊन, “आता वाट बघायची,” म्हणत ते परतले होते. आज सकाळपासून त्या घरचा एकही फोन त्यांनी उचलला नव्हता.

“काय गं, डोळे एवढे लाल?” सूनबाईंच्या शेजारी बसलेल्या मावशींनी विचारलं.

“सगळं घर जागं होतं, मावशी. पहाटे गाय सुटली एकदाची.”

“अगं बाई! फार गुणाची होती गं.”

“होती काय? आहे की! ओढ्याकाठच्या सावलीत वासराला चाटत बसलीय. तिच्यासाठीच पेंड आणायला निघालेय.”

“मग सुटली कशाला म्हणतेस?”

“बाळंतपणातून सुटली, मावशी. गोऱ्हा झाला.”

“मेले, नीट सांगत जा! मला वाटलं, गेलीच ती.”

वर्तमानपत्र हळूच खाली आलं.

“नाव काय ठेवलंस?”

“डॉक्टर. हाका मारून घसा बसला, तरी ढुंकून बघत नाही. थांबा, त्या दुसऱ्याला पुन्हा लावून बघते.”

पुढच्याच बाकावर फोन वाजला. या खेपेला तो लगेच उचलला गेला.

“बोला सूनबाई. थोरला डॉक्टर बोलतोय.”